लवंग आली कुठून?

पाऊण लिटरची बाटली, तारेने जखडलेलं बूच आणि लेबलावर नाताळची लाल टोपी घातलेला, गोबऱ्या गालांचा मठवासी. ‘सेंट बर्नार्डस ख्रिसमस एल’ आपल्याला पहिलं हसू इथेच देते. बेल्जियमच्या पश्चिम फ्लाँडर्समधल्या, फ्रान्सच्या सीमेला खेटलेल्या वाटू गावची ही बिअर. डिसेंबरात तिथल्या हॉप्सच्या मळ्यांत वेल नसतात, धुक्यात नुसते उंच खांब आणि तारा उभ्या असतात. लेबलावरचा साधू मात्र आता नावापुरताच बरं का! १९४६ पासून १९९२ पर्यंत या कारखान्यात शेजारच्या वेस्टव्लेटरेनच्या मठाच्या परवान्याने बिअर बनत असे. करार संपला, हातवळण राहिलं.

धार चषकात उतरते तेव्हा तो रंग आधी डोळ्यांनीच प्यावा. टेबलावर ठेवला तर काळा, दिव्यासमोर उचलला की उन्हात धरलेल्या काकवीसारखी तांबूस लाली कडेकडेने उजळत येते. वर बदामी फेसाचा जाड थर. तो खाली बसताना काचेवर जाळीदार नक्षी सोडतो. ही काकवीची आठवण नुसत्या रंगाची नाही. या जातीच्या बेल्जियन बिअरमध्ये भाजक्या जवाच्या जोडीला बीटच्या साखरेचा गडद पाक घालण्याची रीत आहे, आणि गंमत अशी की त्या साखरेने पेय गोडमिट्ट होत नाही: यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, तिचं मद्य करतं, मागे उरतो तो करपायच्या बेतात असलेल्या पाकाचा खमंगपणा. म्हणून तर दहा टक्के मद्यार्क असूनही, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या दुप्पट, घोट जिभेवर जडशीळ पडत नाही.

आता नाक चषकाजवळ न्यावं, आणि घाई अजिबात करू नये. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बाटलीला फारसं काही सांगायचं नसतं. थंडीने तिचा गंध मिटलेला असतो. हातांची ऊब लागू द्यावी. दहाबारा अंशांच्या आसपास आधी मनुका येतात, मग सुकं अंजीर, मग पिकून डाग पडलेल्या केळ्याची अस्पष्ट चाहूल. आणि आपण ‘झालं’ म्हणून पहिला घोट घ्यावा तोच टाळूमागून लवंग उमलते. मसालेभाताच्या फोडणीतली तिखट लवंग नव्हे, विड्याला टोचलेली, पान उलगडण्याआधीच जिचा दरवळ येतो ती.

ही लवंग आली कुठून? मला तर पहिल्या वेळी खात्रीच होती की कुणीतरी हंडाभर उकळत्या रसात मूठभर लवंगा टाकल्या असणार. पण बेल्जियन यीस्टच्या कित्येक वाणांना लवंग लागतच नाही. धान्याच्या कोंड्यातल्या एका आम्लाला हे वाण फोडतात आणि त्यातून जे द्रव्य घडतं ते खऱ्या लवंगेतल्या युजेनॉलचं रासायनिक नात्याने जवळचंच. केळ्याचा वासही त्याच कारागिराचा. ना बाग, ना मसाल्याचा डबा. जव, साखर, पाणी, हॉप्स आणि एक अदृश्य, भुकेला जीव. हे कळल्यावर चव उणावत नाही, उलट पुढचा घोट आपण अधिक अदबीने घेतो, जसं रियाजाचे कष्ट कळल्यावर तीच तान पुन्हा ऐकतो.

घोट उतरला की छातीत ऊब रेंगाळते, शेवटी हॉप्सचा हलका कडवटपणा गोडवा पुसून जातो आणि जीभ पुन्हा कोरी. आता बाटलीच्या तळाशी बोटभर गढूळ द्रव उरला आहे. काही जण तो फेकतात. फ्लाँडर्सच्या कित्येक टेबलांवर तो लहान ग्लासात वेगळा ओतून देतात. आपण दुसऱ्या पंगतीतले. ओतला: मातकट, फिकट, फुगलेल्या पावाच्या कणकेचा ओलसर वास. बाटलीतही शेवटपर्यंत राबलेलं यीस्ट ते हेच.