'लेखी प्रस्ताव' आणि मागणाऱ्याचा अधिकार : जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या कलमाची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकीय आज्ञावलींच्या परवान्यांचा विचार आपल्याकडे बहुधा तंत्रज्ञानाचा किंवा फार तर कायद्याचा विषय म्हणून होतो. 'जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स' ही मात्र एक संहिता म्हणूनही वाचण्याजोगी रचना आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी सिद्ध केलेल्या या परवान्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ मध्ये आली. लिनक्सचे मूळ केंद्रक (कर्नल) आजही याच आवृत्तीखाली वितरित होते. त्यामुळे दूरचित्रवाणी संचापासून घरातील वाय-फाय राऊटरपर्यंत असंख्य वस्तूंबरोबर ही संहिता ग्राहकाच्या घरी येते. ती वाचणारे ग्राहक अर्थातच थोडे.

कलमाचे वाचन

या परवान्याचे तिसरे कलम त्याचा गाभा होय. आज्ञावली यंत्रवाच्य स्वरूपात विकणाऱ्याने तिच्यासोबत संपूर्ण सोर्स कोड द्यावा, अथवा किमान तीन वर्षे ग्राह्य राहील असा लेखी प्रस्ताव द्यावा, असे ते सांगते. (तिसरा पर्याय केवळ अव्यावसायिक वितरणासाठी आहे.) हा प्रस्ताव फक्त खरेदीदारापुरता नसून कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीसाठी खुला असावा लागतो; आणि प्रत पोहोचविण्याचा प्रत्यक्ष खर्च वगळता अधिक मोबदला घेता येत नाही.

कलमातील सर्वांत मार्मिक भाग सोर्स कोडच्या व्याख्येत आहे. ज्या रूपात बदल करणे सोयीचे तेच रूप म्हणजे सोर्स कोड, असे ही व्याख्या मानते आणि संकलन व स्थापना नियंत्रित करणाऱ्या पूरक आज्ञाही तीत समाविष्ट करते. म्हणजेच व्याख्या वस्तूवरून नव्हे, तर उपयोगावरून केलेली आहे. मागणी आल्यावर इंटरनेटवर कोठेही मिळणारी मूळ लिनक्सची प्रत पुढे करणारी कंपनी कलमाचे शब्द पाळल्याचा आव आणते, परंतु व्याख्येच्या कसोटीस ती उतरत नाही. कंपनीने स्वतः केलेले बदल आणि ते यंत्रात बसविण्याची रीत यांवाचून ती प्रत ग्राहकाला निरुपयोगी असते.

तथापि याच व्याख्येची मर्यादाही पुढे उघड झाली. टिवो या ध्वनिचित्रमुद्रण यंत्राच्या उत्पादकाने सोर्स कोड दिला. मात्र बदललेली आज्ञावली यंत्र स्वीकारणार नाही अशी स्वाक्षरीची तजवीज यंत्रातच केली. जून २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीत ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी 'स्थापना-माहिती' देण्याचे बंधन आले ते या अनुभवातून. लिनक्सने ती आवृत्ती स्वीकारली नाही.

मागणी कोणी करावयाची?

मागणीचे सामर्थ्य दाखविणारे उदाहरण लिंकसिस कंपनीच्या 'डब्ल्यूआरटी५४जी' राऊटरचे आहे. त्यात लिनक्स असल्याचे २००३ मध्ये जाणकारांच्या लक्षात आले. सिस्कोने ही कंपनी त्याच वर्षी विकत घेतली होती. सोर्स कोडची मागणी वाढली, त्याच वर्षी तो प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आधारे २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. एका स्वस्त यंत्राचे आयुष्य व उपयोग दोन्ही त्यामुळे वाढले. तरीही सिस्कोविषयीच्या तक्रारी मिटल्या नाहीत. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये दावा दाखल केला व मे २००९ मध्ये तडजोड झाली.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते. फाउंडेशन दावा करू शकले ते स्वामित्वहक्काचे धारक म्हणून. म्युनिकच्या न्यायालयाने मे २००४ मध्ये हेराल्ड वेल्टे यांच्या बाजूने मनाईहुकूम कायम केला, तोही ते नेटफिल्टर या आज्ञावलीचे एक लेखक होते म्हणून. चौथ्या कलमानुसार अटी मोडणाऱ्याचे अधिकार आपोआप संपुष्टात येतात. परंतु त्यावर बोट ठेवण्याचा कायदेशीर अधिकार लेखकाकडे राहतो. तिसरे कलम ज्या 'कोणत्याही त्रयस्थ व्यक्ती'ला उद्देशून लिहिले आहे, तिच्या हाती मात्र ते कोणतेही साधन देत नाही. वचन एकाला आणि दाद मागण्याचा हक्क दुसऱ्याला, हा या संहितेतील मूलभूत विसंवाद होय.

हा विसंवाद सांधण्याचा प्रयत्न ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात झाला. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने विझिओ कंपनीचे दूरचित्रवाणी संच विकत घेतले आणि लेखक म्हणून नव्हे, तर ग्राहक म्हणून, कराराचा लाभार्थी या नात्याने सोर्स कोड मागितला. नुकसानभरपाई नको, केवळ कोड हवा, ही या दाव्याची विशेषता. प्रश्न निव्वळ स्वामित्वहक्काचा असल्याचे सांगून कंपनीने तो संघीय न्यायालयात नेला. मे २०२२ मध्ये तेथून तो राज्य न्यायालयात परत आला. परवाना हा अनुमती आहे की करार, या जुन्या वादाला त्यामुळे प्रथमच ग्राहकाच्या बाजूने धार आली.

भारतीय संदर्भ

भारतात हा युक्तिवाद अधिक अवघड आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये प्रतिफल वचनग्रहीत्याव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडूनही येऊ शकते. परंतु करारात पक्षकार नसलेल्यास सर्वसाधारणतः दावा करता येत नाही, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. चाको प्रकरणात (१९६९) मान्य केला आहे. दुसरी अडचण कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील आहे. कलम ३०-अ अन्वये परवान्यांनाही लागू होणाऱ्या कलम १९ नुसार, मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत मुदतीचा उल्लेख नाही. तिसऱ्या आवृत्तीत स्वामित्वहक्काच्या संपूर्ण कालावधीचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसऱ्या आवृत्तीखालील लिनक्स वापरणाऱ्या भारतीय उत्पादकाची अनुमती पाच वर्षांनी संपते काय, आणि संपल्यास त्याने ग्राहकाला दिलेल्या लेखी प्रस्तावाचे काय होते, हा प्रश्न यातून निर्माण होतो. परवान्याच्या इंग्रजी मजकुरात त्याचे उत्तर शोधणे व्यर्थ आहे. तो मजकूर लिहिताना हे कलम कोणाच्या नजरेसमोर असण्याचे कारणच नव्हते, कारण कलम ३०-अ अधिनियमात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने.