३० दिवस, २० कॅमेरे आणि न दिसलेलं मुंगूस

मागच्या महिन्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या दोघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला: फील्डवर्कसाठी कोणता कॅमेरा ट्रॅप घेऊ? त्यांना मॉडेलचं नाव हवं होतं. मी ते दिलं नाही, त्याऐवजी ही पोस्ट लिहितेय. माझ्या पहिल्या मोठ्या सीझनमध्ये सामानाने कसा दगा दिला ते यात आहे. सामान बिघडलं की चिडचिड होते, पैसे जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. मला जे आधी कोणी सांगितलं नव्हतं ते वेगळंच: बिघडलेलं सामान कधी कधी गप्प बसत नाही. ते तुमच्या आलेखात शिरतं आणि तिथे निष्कर्ष म्हणून मिरवतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं काम सिंधुदुर्गात आहे. मुंगूस, उदमांजर यांसारखे छोटे मांसाहारी प्राणी देवराईत आणि तिला लागून असलेल्या काजूच्या बागेत किती आणि दिवसाच्या कोणत्या वेळी वावरतात, असा साधा प्रश्न. परवानग्या मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडला. शेवटच्या आठवड्यात २० कॅमेरे लावले, १० देवरायांत, १० बागांत. ३० दिवस ठेवायचे होते, म्हणजे कागदावर ६०० ट्रॅप नाइट्स. (एक कॅमेरा एक दिवस-रात्र चालू राहिला की एक ट्रॅप नाइट.) ज्यांना कोकणातला तो काळ माहीत आहे ते आत्ताच हसले असतील. परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालेलं असतं. एकाच महिन्यात दोन्ही परीक्षा.

कॅमेरे आम्ही घेतले ते मधल्या किमतीचे, शिकाऱ्यांसाठी बनवलेले. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपण ज्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतो ती वस्तू बाजारात मुख्यतः अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांसाठी येते. सीझनच्या आधी ते अशी पेटी झाडाला बांधून ठेवतात आणि कोणता नर कोणत्या वाटेने येतो ते बघतात. म्हणजे मोठा प्राणी, पानझडीतली थंड सकाळ आणि काही आठवड्यांचं काम. खोक्यावर 'इतक्या फुटांवरून टिपतो' असं लिहिलेलं असतं, ते वाचताना हे चित्र डोळ्यांसमोर आणा. माझा प्राणी वीतभर उंच, तापमान ३३-३४ अंश, आणि कॅमेरा जमिनीपासून जेमतेम फूटभर वर, जिथे चिखल उडतो आणि गवत डोलतं. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. तो माझ्या प्रश्नासाठी काढलेला नव्हता, एवढंच.

महिन्याने कॅमेरे काढायला गेलो. देवराईतला पहिलाच कॅमेरा आमच्या वाटाड्या काकांनी उघडला आणि म्हणाले, "बाय, ह्येच्यात मुंगळे ऱ्हवाक इले." खरंच आले होते, अंड्यांसकट. तरी तो कॅमेरा बिचारा चालू होता. दुसऱ्या दोघांत मुंगळे नव्हते, पाणी होतं. एक १२ व्या दिवसानंतर धुक्यात गेला, दुसरा १८ व्या. बागेतल्या तिघांच्या बॅटऱ्या ८, १० आणि १३ व्या दिवशी संपल्या होत्या, कारण समोरचं गवत पावसाने वाढलं आणि उन्हात तापून हलू लागलं. कार्डावर गवताचे हजारो फोटो. हिशेब केला तर ६०० चे ५११ उरले, बागेत २४१ आणि देवराईत २७०. आणखी एका कॅमेऱ्याच्या बॅटरीचा स्पर्श मधेच सुटला असावा, कारण पाचव्या दिवसानंतर त्याचं घड्याळ कारखान्यातल्या १ जानेवारीवर गेलं होतं. फोटो उत्तम, वेळ निरर्थक. प्राणी 'कधी' वावरतो हाच ज्याचा प्रश्न आहे त्याने अशा फोटोंचं काय करायचं?

आता पाण्याबद्दल. त्या पेट्यांवर 'आयपी ६७' लिहिलेलं होतं. मी ते वाचून निर्धास्त होते. या खुणेतला ६ धुळीसाठी असतो आणि ७ पाण्यासाठी: वस्तू एक मीटरपर्यंतच्या पाण्यात ३० मिनिटं बुडवली तरी चालेल. चाचणी नव्या नमुन्यावर, स्वच्छ रबर गॅस्केटसह, शांत पाण्यात होते. कोकणातली पेटी पाण्यात बुडत नाही, ती श्वास घेते. दुपारी आतली हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर पडते. रात्री गार होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची दमट हवा फटीतून आत ओढली जाते. रोज थोडी थोडी. अर्ध्या तासाची परीक्षा पास झालेली वस्तू महिन्याच्या या श्वासाने नापास होऊ शकते. त्यात गॅस्केटवर वाळूचा एक कण किंवा मुंगळ्याचा पाय अडकला की संपलंच. आत टाकलेली सिलिका जेलची पुडी पहिल्या काही दिवसांतच पोट भरून बसलेली असते. तिचे मणी निळ्याचे गुलाबी झाले (किंवा दुसऱ्या प्रकारात नारिंगीचे हिरवे) की ती फक्त शोभेची.

गॅस्केट म्हटलं की मला स्कॉटची मोहीम आठवते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना त्याच्या चमूला डेपोंत ठेवलेल्या पॅराफिनच्या डब्यांत अपेक्षेपेक्षा कमी इंधन मिळालं. झाकणांतले चामड्याचे वॉशर त्या थंडीत घट्ट राहिले नव्हते. अमुंडसेनने आपले डबे डाख देऊन बंद केले होते, कारण असे डबे गळतात हे ध्रुवीय प्रवास करणाऱ्यांना आधीच माहीत होतं. स्कॉटच्या शोकांतिकेची कारणं अनेक आहेत, सगळं वॉशरवर ढकलू नका. पण डबा जिथे राहणार आहे तिथल्या हवेत तो कसा वागतो, हा प्रश्न एकाने विचारला होता.

इथपर्यंतचं नुकसान निदान दिसणारं होतं. मेलेला कॅमेरा मेलेला दिसतो. खरी पंचाईत जिवंत कॅमेऱ्यांनी केली.

डेटा मांडल्यावर माझ्याकडे एक सुंदर आलेख आला. देवराईत मुंगसाचे फोटो दिवसभर पसरलेले. बागेत मात्र सकाळी एक उंचवटा, संध्याकाळी एक, आणि साधारण बारा ते तीन जवळजवळ शून्य. मी खूश झाले. लगेच गोष्ट तयार: बागेत सावली विरळ, माणसांची ये-जा, म्हणून प्राणी दुपार टाळतो. प्रगती सेमिनारमध्ये मी हे आत्मविश्वासाने सांगितलंसुद्धा. कोणी अडवलं नाही. सगळ्यांना पटलं, आणि हेच भीतिदायक आहे.

नंतर एकदा त्याच बागेच्या मालकांकडे चहा पिताना मी हा 'शोध' त्यांना सांगितला. आजोबा म्हणाले, "मुंगूस? तां दुपारचा रोज पंपाकडे असता गो."

आता एका माणसाचं सांगणं म्हणजे पुरावा नाही, हे आपण सगळे शिकलोय. पण ते ऐकून मी पहिल्यांदा कॅमेऱ्याचा सेन्सर कसा काम करतो ते नीट वाचलं. खरं तर हे मी विकत घेण्याआधी वाचायला हवं होतं. या कॅमेऱ्यांतला पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सर प्राणी 'बघत' नाही. त्याच्यासमोरच्या पट्ट्यांत उष्णतेच्या प्रारणात अचानक बदल झाला, तर तो शटरला इशारा देतो. बदल होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: वस्तू हलली पाहिजे, आणि तिच्या पृष्ठभागाचं तापमान मागच्या जमिनीपेक्षा वेगळं असलं पाहिजे. पहाटे गार जमिनीवर मुंगूस ठळक दिसतं. दुपारी तापलेल्या जांभ्यावर त्याच्या केसांचं तापमान आणि जमिनीचं तापमान जवळ आलं की ते सेन्सरला जवळजवळ अदृश्य होतं. देवराईत सावली असते, जमीन तापत नाही, म्हणून तिथे दिवसभर दिसतं. म्हणजे माझ्या आलेखातली ती दुपारची दरी मुंगसाची असू शकते, सेन्सरची असू शकते, किंवा दोघांची मिळून. माझ्या डेटावरून ते वेगळं करता येत नव्हतं.

मग एक गावठी प्रयोग केला. पाण्याच्या बाटलीत कोमट पाणी भरून तिला जुना लोकरीचा मोजा घातला, दोरी बांधली आणि कॅमेऱ्यासमोरून पाच मीटरवर आडवी ओढली. सकाळी सहाला १० वेळा, दुपारी एकला १० वेळा. सकाळी आठदा फोटो निघाला, दुपारी दोनदा. हा काही छापण्यासारखा प्रयोग नाही. बाटली म्हणजे मुंगूस नव्हे, आणि १० हा काय आकडा! पण सेमिनारमधली माझी ती स्लाइड काढून टाकायला तो पुरेसा होता. हा प्रयोग एका सकाळ-दुपारचा आहे, खर्च शून्य, आणि तो मी कॅमेरे लावायच्या आधी करू शकले असते. गाइडना हे सांगायला गेले तेव्हा पोटात गोळा आला होता. ते रागावले नाहीत. "आता हे लिहून काढ," एवढंच म्हणाले.

तुमच्यातले वाचन केलेले लोक म्हणतील, यासाठी ऑक्युपन्सी मॉडेल आहेत की. बरोबर. २००२ मध्ये डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मांडलं की प्राणी असूनही न दिसण्याची शक्यता मोजली पाहिजे, आणि त्यासाठी त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पाहिलं पाहिजे. पण मॉडेलला तुम्ही जे सांगाल तेच त्याला कळतं. माझी बाग म्हणजेच ऊन आणि देवराई म्हणजेच सावली अशी गाठ पडलेली असताना, अधिवासाचा परिणाम कुठे संपतो आणि सेन्सरचा कुठे सुरू होतो हे मॉडेल हवेतून काढणार नाही. कॅमेऱ्याजवळ तापमान नोंदणारा छोटा लॉगर असता, तर निदान बोलता आलं असतं. तो मी 'बजेटमध्ये बसत नाही' म्हणून वगळला होता.

कॅमेरा ट्रॅप वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. १९९५ मध्ये उल्लास कारंथ यांनी नागरहोळेतल्या वाघांची संख्या कॅमेऱ्यांतल्या फोटोंवरून अंदाजण्याची पद्धत दाखवली, आणि आज तिच्याशिवाय व्याघ्रगणनेची कल्पना करता येत नाही. पण वाघ मोठा असतो, ठरलेल्या वाटांवरून चालतो, बहुतेक रात्रीच्या गारव्यात, आणि त्याच्या पट्ट्यांवरून तो कोण ते ओळखता येतं. शिकाऱ्याच्या कॅमेऱ्याने एखादं हरीण चुकवलं तर शिकाऱ्याचं फारसं बिघडत नाही, तो उद्या बघेल. आपल्यासाठी मात्र 'फोटो नाही' हीसुद्धा एक नोंद असते. हा फरक कोणत्याही खोक्यावर लिहिलेला नसतो.

बॅटरीचंही तसंच. साध्या अल्कलाइन सेलचा दाब हळूहळू उतरतो. रात्रीच्या फ्लॅशला जास्त प्रवाह लागतो, म्हणून आधी रात्रीचे फोटो काळे येतात, दिवसाचे चालूच राहतात. अशा अर्धमेल्या कॅमेऱ्याचा डेटा बघून कोणीही म्हणेल की उदमांजरं महिनाअखेरीस कमी झाली. मी म्हणणार होते.

बाकी सामानाचं थोडक्यात. महागडं 'श्वास घेणारं' रेनकोट जॅकेट सह्याद्रीच्या पावसात निरुपयोगी ठरलं. त्याचं कापड घामाची वाफ बाहेर सोडतं, पण त्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. चोवीस अंश आणि शंभर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली की वाफ जाणार कुठे? मी बाहेरून कोरडी आणि आतून चिंब. काका छत्री घेऊन फिरत होते. पूर्वी इथले शेतकरी इरलं वापरायचे, तेही खालून उघडंच असतं. ट्रेकिंगचे बूट चार वर्षं कपाटात जपून ठेवलेले, दुसऱ्या दिवशी तळ सुटला. तळातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतं, वापरा की न वापरा. उरलेला सीझन बाजारातल्या गमबुटांत काढला आणि जळवांसाठी वरून घट्ट विणीचे मोजे. या दोन वस्तूंविरुद्ध माझी एकही तक्रार नाही.

आता मी प्रत्येक कॅमेऱ्यासोबत एक कागद ठेवते. लावताना आणि काढताना समोर पाटीवर तारीख-वेळ लिहून तिचा फोटो, म्हणजे घड्याळ घसरलं तर निदान दोन टोकं पक्की. भर दुपारची वेळ दाखवणारा फोटो काळा-पांढरा असेल तर एएम-पीएमची गडबड आहे असं समजा, दुसरं काही शोधायला जाऊ नका. कॅमेरा वाटेकडे तोंड करून नाही, वाटेला आडवा, कारण सरळ समोरून येणारा प्राणी सेन्सरच्या एकाच पट्टीत राहतो आणि चुकतो. समोरचं गवत कापायचं, दहा दिवसांनी पुन्हा कापायचं. सिलिका जेल काकूंच्या तव्यावर मंद आचेवर परतून घेते. काकू त्याला 'तुझो साबुदाणो' म्हणतात. आणि कागदावर एक रकाना फक्त 'काय बिघडलं' यासाठी. तो रिकामा राहिला तर मला आता काळजी वाटते.

या ऑक्टोबरला पंपाशेजारी दोन कॅमेरे लावणार आहे: एक नेहमीचा, आणि दुसरा सेन्सर बंद ठेवून दर मिनिटाला आपोआप फोटो काढणारा. ११ ते ४, पाच तास, म्हणजे दिवसाला ३०० फोटो. ते डोळ्यांनी बघायला लागतील. आजोबांनी विचारलंय, मुंगूस दिसलं तर फोटोची एक प्रत मिळेल का.