राजपुत्र, प्रकाशक आणि स्मरणरंजन

बालपणीच्या आवडीविषयी लिहू लागले की टीकाकाराची लेखणी सैल पडते, हा वाङ्मयातील जुना अनुभव आहे. संगणकावरील खेळांच्या बाबतीतही आता तेच घडत आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जे बालक होते, ते आज जबाबदारीच्या पदांवर आहेत. बदलीच्या गावी एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली की ते जुन्या खेळांच्या आठवणींत रमतात. त्यात गैर काही नाही. परंतु त्या दिवसांचे मोल आणि त्या कृतीचे मोल या भिन्न गोष्टी होत, आणि स्मरणरंजनात नेमकी त्यांचीच गल्लत होते.

या दृष्टीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ तपासून पाहण्याजोगा आहे. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो जवळजवळ एकट्याने रचला, आणि १९८९ साली अमेरिकेतील ब्रॉडरबंड या संस्थेने ॲपल टू या संगणकासाठी तो प्रकाशित केला. कपटी वजीर, बंदिवान राजकन्या, तळघरात कोंडलेला नायक आणि साठ मिनिटांची मुदत, एवढेच त्याचे कथानक. त्यात नावीन्य नाही. खेळाचे सामर्थ्य आहे ते देहाच्या वजनात. मेकनरने धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावून त्याचे चित्रण केले, आणि त्यातील एकेक चौकट गिरवून राजपुत्राची हालचाल सिद्ध केली. म्हणून हा राजपुत्र थांबता थांबताही पुढे सरकतो, कड्याला बोटांनी लोंबकळतो आणि उडी चुकली तर मरतो. इतर अनेक खेळांतील बाहुले पडले तरी आपल्याला काही वाटत नसे. येथे मात्र काळजात चर्र होते.

छायापुरुषाची गोष्टही तशीच. यंत्राची स्मृती भरत आल्याने नव्या पात्रास जागा उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राच्याच आकृतीत गणिती फेरफार करून त्याचा प्रतिस्पर्धी घडविण्यात आला. अखेरच्या भेटीत त्याच्यावर घाव घातला तर तो आपल्यालाच लागतो. तलवार म्यान केली तरच दोघे एकरूप होतात. साधनांच्या दारिद्र्यातून अर्थाची श्रीमंती निर्माण होणे, हे खऱ्या कलेचे लक्षण होय. हा गुण आठवणींच्या आधारावाचूनही उभा राहतो.

प्रकाशकाविषयीच्या हळवेपणाचे मात्र तसे नाही. डग आणि गॅरी कार्लस्टन या बंधूंनी १९८० साली स्थापिलेली ही संस्था पडद्यावर आपल्या नावापाठोपाठ कर्त्याचेही नाव देई. पुस्तकाच्या नामपृष्ठाची आठवण करून देणारी ही रीत आदरास पात्र होती. तथापि मेकनरची १९८५ ते १९९३ या वर्षांची रोजनिशी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, ती वाचताना हा सोनेरी मुलामा बराच उतरतो. ॲपल टूचे दिवस सरत आले होते, आरंभीचा खप निराशाजनक होता, आणि संस्थेच्या विक्रीविभागाची अनास्था कर्त्याला सलत होती. आपल्याकडे तर हा खेळ पुष्कळदा नक्कल केलेल्या फ्लॉपीवरून हातोहात फिरला. ज्या प्रकाशकाचे नाव आपण गहिवरून घेतो, त्याला आपल्यापैकी कितीजणांनी एक दमडी तरी दिली असेल?

१९९८ साली ब्रॉडरबंड दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. खेळाची मूळ आज्ञावली हरवली असे मेकनर समजून होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या, आणि जाणकारांच्या साहाय्याने ती वाचविता आली. ज्यांनी त्या खेळाला संगीत दिले होते, त्याच पित्याच्या हातून हे घडले, हा योगायोग हृद्य खरा. परंतु संस्कृतीचे जतन योगायोगावर सोडता येत नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ सालच्या पाहणीत आढळले.

स्मरणरंजनावर आमचा आक्षेप आहे तो येथे. ते नावे आठवते, पण कृती जपत नाही. कौतुक करते, पण निवड करीत नाही. जपावे काय, आणि ते कोणत्या गुणांसाठी, हे सांगण्याचे काम टीकेचे आहे. ते तिने वेळीच केले नाही, तर पुढील पिढीच्या हाती आपले उसासे उरतील, खेळ उरणार नाहीत.