टोमॅटोचं दुसरं नाव

न जेवणाऱ्या मुलासाठी आपल्याकडे एक जुनी युक्ती आहे. हा घास चिऊचा, हा काऊचा, हा हम्माचा. ताटात वरणभात तोच असतो, घासाचा मालक तेवढा दर वेळी बदलतो आणि मूल तोंड उघडतं. भरवणारी बहुधा आई किंवा आजी असते. हेच काम जेमतेम सात वर्षांच्या भावावर येऊन पडलं तर तो काय करील? 'चार्ली अँड लोला' या ब्रिटिश कार्टून मालिकेचा उगम या प्रसंगात आहे. लहान मुलांसाठी भावंडांवर केलेलं इतकं हळुवार आणि इतकं चतुर काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

लॉरेन चाइल्ड या लेखिकेचं आणि चित्रकर्तीचं 'आय विल नॉट एव्हर नेव्हर ईट अ टोमॅटो' हे पुस्तक 2000 साली आलं आणि त्याला चित्रांसाठीचं केट ग्रीनअवे पदक मिळालं. 2005 साली त्यावरून बीबीसीच्या सीबीबीज वाहिनीसाठी मालिका तयार झाली. टायगर अॅस्पेक्ट या संस्थेने ती केली. तीन पर्वं झाली, प्रत्येक भाग सुमारे 11 मिनिटांचा. लोलाचा चेहरा चाइल्ड यांना डेन्मार्कमधल्या एका आगगाडीत सापडला. आईवडिलांना एकामागून एक प्रश्न विचारणारी एक चिमुरडी त्यांनी तिथे पाहिली होती. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: चाइल्ड स्वतः तीन बहिणींमधल्या मधल्या. मधल्या मुलाला धाकटं असणं ठाऊक असतं आणि थोरलं असणंही. या मालिकेत दोन्ही बाजू सारख्याच आतून कळलेल्या आहेत, त्याचं मूळ तिथे असावं.

त्या पहिल्या गोष्टीत जरा थांबू. आईबाबांनी चार्लीला लोलाला जेवायला वाढायला सांगितलं आहे. लोला न आवडणाऱ्या पदार्थांची यादी म्हणून दाखवते. यादी लांबतच जाते, आणि टोमॅटो तर मुळीच नाही. चार्ली वाद घालत नाही. तो म्हणतो, बरं झालं, यातलं आपल्याकडे आज काहीच नाही. मग समोर गाजरं दिसतात. ती गाजरं नव्हेत, गुरू ग्रहावरून आलेल्या नारिंगी काड्या आहेत. मटार म्हणजे ग्रीनलंडमध्ये आकाशातून पडणारे हिरवे थेंब. कुस्करलेला बटाटा म्हणजे फुजी पर्वताच्या टोकावरून आणलेला ढगांचा कापूस. माशाचे तुकडे समुद्राखालच्या दुकानातले, जलपऱ्यांच्या आवडीचे.

हा प्रवास लक्ष देऊन पाहावा. पदार्थ आधी एका ग्रहावरून येतो, मग आभाळातून, मग डोंगराच्या शिखरावरून, मग समुद्राच्या तळातून. थोरल्या भावाची कल्पना पायरी पायरीने खाली उतरते आहे. आणि तळाशी पोचल्यावर एक बारीकशी गोष्ट घडते, जी पहिल्या वाचनात निसटते. समुद्राखालच्या दुकानाचं नाव ऐकताच लोला म्हणते, ते दुकान मला माहीत आहे, मी आईबरोबर तिथे गेले होते. इथपर्यंत ती ऐकत होती, शंका काढत होती. आता तिने खेळात पाऊल टाकलं. फसवला जाणारा आणि फसवणारा असं नातं त्या वाक्यात संपतं. दोघं एकाच बाजूला येतात.

म्हणून शेवट इतका खरा वाटतो. लोला टोमॅटोकडे बोट दाखवते आणि ते वाढ म्हणते. चार्लीचा विश्वास बसत नाही. खरंच, यातले? आणि लोला सांगते की हे चंद्रावरचे आहेत, पिचकारी उडवणारे. तुला ते टोमॅटो वाटले की काय? भावाची कल्पना समुद्रतळाला टेकली होती, बहिणीने ती उचलून थेट चंद्रावर नेली. नाव देण्याचा अधिकार आता तिच्याकडे आहे. आपल्या चिऊ-काऊच्या घासात हा क्षण येत नाही, कारण तिथे भरवणारा हात शेवटपर्यंत मोठ्या माणसाचाच असतो. मूल जेवतं, पण घासाला नाव स्वतः ठेवत नाही.

पुस्तकाच्या शीर्षकातही लोलाचा हा अधिकार आहे. 'नॉट', 'एव्हर' आणि 'नेव्हर' तिने एका ओळीत दाबून बसवले आहेत. इंग्रजी व्याकरणाला हे चालत नाही, पण चार वर्षांच्या निश्चयाला एक नकार पुरत नाही. आपली मुलं 'कध्धी म्हणजे कध्धीच नाही' म्हणताना 'ध'वर जो जोर देतात, तोच हा जोर. संपूर्ण मालिकेत लोला अशीच बोलते, क्रियाविशेषणं ओंजळीने टाकत. चार्ली तिची भाषा एकदाही दुरुस्त करत नाही, आणि भावाच्या मायेची माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी खूण आहे. प्रेमाचा शब्दही न उच्चारता ती दिसते.

प्रत्येक भागाची सुरुवात चार्लीच करतो: मला एक धाकटी बहीण आहे, ती लहान आहे आणि फार गमतीची आहे. दर वेळी तेच वाक्य. म्हणजे गोष्ट सांगणारा तो आणि गोष्ट घडवणारी ती. आईबाबा घरात आहेत हे कळतं, पण ते कधीच दिसत नाहीत. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. मोठं माणूस चौकटीत आलं की न्यायनिवाडा सुरू होतो: कोण चुकलं, कोणी माफी मागायची. ते नसल्यामुळे भावंडांना आपलं आपणच निभावावं लागतं.

चित्रांबद्दल बोलायलाच हवं. लोलाच्या कपड्यांचं कापड खऱ्या कापडासारखं दिसतं, भिंतींना छापील कागदाचा पोत आहे, मधेच छायाचित्रांतून कापलेल्या वस्तू येतात, आणि माणसांची रेषा मात्र मुलाने पेन्सिलीने काढावी तशी थरथरती. कात्री आणि गोंद घेऊन जमिनीवर बसलेल्या मुलाची ही कला आहे. म्हणूनच जेवणाच्या टेबलावरून गुरू ग्रहावर जाताना कुठे झटका बसत नाही, कारण दोन्ही एकाच कागदाचे बनलेले आहेत. आवाजही खऱ्या मुलांचे. मालिका चालली तेवढ्यात मुलं मोठी झाली आणि आवाज बदलावे लागले, तरी मोठ्या नटाने मुलाचा आवाज काढायचा मार्ग त्यांनी धरला नाही. मुलांच्या बोलण्यात श्वास भलत्याच ठिकाणी तुटतो. तो तसाच ठेवला आहे.

लोलाचा अदृश्य मित्र आहे सोरेन लोरेन्सन. मालिकेत तो करड्या रंगाचा, आरपार दिसणारा. एका पुस्तकात तर कागद उजेडाकडे कलता केला तरच तो चमकून दिसतो. चार्लीला तो दिसत नाही, पण तो आहे हे चार्लीने मान्य केलेलं आहे.

लोलाचा दात पडतो त्या भागाचाही उल्लेख हवा. दातपरीकडून पैसे मिळणार म्हणून ती दात पडू द्यायला तयार होते आणि नेमका दातच हरवतो. चार्लीचा उपाय असा: झोपेत छान स्वप्न पाहिलंस तर तू हसशील, हसलीस तर परीला फट दिसेल. मग दोघं मिळून स्वप्नासाठी आनंदाच्या गोष्टी आठवू लागतात. दात शोधणं सोडून हसू शोधायचं! हरवलेल्या वस्तूवरचा इतका सुंदर उतारा मोठ्यांच्या साहित्यातही मला चटकन आठवत नाही.

एक तक्रार मात्र आहे. मालिकेतला चार्ली जरा जास्तच समजूतदार आहे. थोरल्या भावंडाला कंटाळा येतो, त्याला आपला मित्र एकट्याला हवा असतो, शेपटासारखं मागे येणारं धाकटं नको होतं. चाइल्ड यांनी हे ओळखलं असावं. 2010 च्या 'स्लाइटली इन्व्हिजिबल' या पुस्तकात चार्लीला मित्र मार्वबरोबर लोलाशिवाय खेळायचं आहे, आणि लोला मधेमधे येतेच. तो चार्ली मला अधिक जवळचा वाटतो.

घरात दोन मुलं असतील तर दोघांना शेजारी बसवून आधी टोमॅटोचा भाग दाखवा, आणि तुम्हीही बसा. लोला चंद्राचं नाव घेईल तेव्हा सगळे तिच्याकडे बघतील. तुम्ही चार्लीकडे बघा.