कसं वाटलं नाटक?

त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन 1469च्या सुमारास होर्मुझहून गलबतानं निघून चौल बंदरात उतरला. जवळ विकायला एक घोडा. हिंदुस्थानात आपल्या मुलखाच्या कामाचा माल रग्गड मिळतो, असं त्याला कुणीकुणी सांगितलं होतं. इथे हिंडल्यावर त्यानं टिपणात चिडून लिहिलं, की सांगणाऱ्यांनी थापा मारल्या. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, बाकी आमच्या देशाला उपयोगाचं काही नाही. लोक उघड्या डोक्यानं फिरतात, केसांची वेणी घालतात आणि गोरा माणूस बघायला माझ्या मागे गर्दी करतात, हेही त्यानं नोंदवलं. चौलशेजारच्या रेवदंड्याच्या हायस्कुलात आज त्याचं स्मारक आहे. 1957 साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ हा सिनेमा काढला. नर्गिस, बलराज साहनी, पद्मिनी, पृथ्वीराज कपूर अशी तालेवार मंडळी त्यात होती. दिवस हिंदी-रूसी दोस्तीचे, त्यामुळे पडद्यावरचा निकितीन बराच गोड आहे. मला टिपणातला अधिक भावतो. तो पंडित नव्हता, त्याला कुणी मत विचारलंही नव्हतं. पण काय स्वस्त, काय महाग, कोण काय खोटं बोललं, हे त्यानं जिन्नसवार लिहून ठेवलं.

पुस्तक, सिनेमा, गाणं याबद्दल सामान्य रसिकानं असंच खरं मत देणं, ही मी एक कलाच मानतो. तिची तब्येत पाहायची तर पुण्या-मुंबईच्या सभागृहांपेक्षा रेवदंडा, चौल, थेरोंडा, कोर्लई हा रायगडच्या किनाऱ्यावरचा पट्टा बरा. इथे नाटक करणारा आणि बघणारा यांच्यात फार तर एका वाडीचं अंतर असतं.

उत्सवातलं गावचं नाटक घ्या. पडदा पडल्यावर तोंडाचा रंग पुसत नट बाहेर येतो आणि विचारतो, “कसं वाटलं नाटक?” उत्तर ठरलेलं असतं: “बरं झालं की!” खरं मत दुसऱ्या दिवशी मिळतं, नट आसपास नसताना, मासळीच्या लिलावात किंवा एसटीची वाट बघताना. मुंबईहून आणलेल्या नायिकेची वाक्यं तिच्याआधी विंगेतूनच सगळ्या गावाला ऐकू आली. इन्स्पेक्टरनं फोन उलटा धरला होता. खुनाच्या प्रसंगाला मागे मूल रडलं, तेच काय ते खरं वाटलं. तोंडावर गोड आणि पाठीमागे तिखट, असं म्हणून शहरी माणूस याला दुटप्पीपणा ठरवील. मला तसं वाटत नाही. पाठीमागचं मत कसं तपशीलवार असतं बघा. आणि ते फिरत फिरत नटापर्यंत पोचतंच. पुढच्या वर्षी फोन सुलटा धरला जातो.

गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये कोकणातलं हेच गावचं नाटक रंगभूमीवर आलं. मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेलं. सुरुवातीला डगमगणाऱ्या त्या नाटकाला पु. ल. देशपांड्यांच्या कौतुकाच्या पत्रानं हात दिला, ही हकिकत नाट्यवर्तुळात सगळ्यांना ठाऊक आहे. पु. ल. मोठेच, पण ते पत्र समीक्षकाचं नव्हतं. हसून हसून बेजार झालेल्या प्रेक्षकाचं होतं, म्हणून लोकांनी त्यावर विश्वास ठेवला.

या किनाऱ्यावर सर्वांत तयार कान भजनातले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रायगडात गावोगाव भजनी मंडळं आहेत आणि पखवाजावर हात बसलेली पोरं वाडीवाडीत सापडतात. रूपाचा अभंग होतो, गवळण होते, गजराला लय चढते. श्रोता हातानं ताल धरून बसलेला असतो. पखवाजवाला समेवर एवढासा चुकला तरी पुढच्या रांगेतल्या पाच-सहा माना एकदम वर होतात. कुणी काही बोलत नाही. पखवाजवाला नजर खाली घालतो आणि पुढचं आवर्तन दाबून, साधं वाजवतो. नव्या गवळणींना सिनेमाच्या चाली लावण्यावरून मात्र उघड भांडण होतं. म्हातारे म्हणतात, विठ्ठलापुढे हे काय लावलंय! पोरं म्हणतात, चाल चांगली आहे, मग कुठली का असेना. मी या भांडणात पोरांच्या बाजूचा. मात्र म्हाताऱ्यांचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही: सिनेमाची चाल शब्दांना आपल्या मापात कोंबते, आणि अभंगातला ऱ्हस्व-दीर्घ पार चुरगळतो. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ शाळेत कधी जमलं नाही, असा माणूस कानानं ही चूक पकडतो.

हळदीच्या रात्री निकाल आणखी झटपट लागतो. आगरी-कोळी लग्नात मांडवात बेंजो लागला, की गाणं चालतं की नाही हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. बायका उठल्या तर गाणं पास. ‘सैराट’ सिनेमा 2016 साली आला. अजय-अतुलनी त्याचा वाद्यमेळ पार लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला होता. पण त्यातल्या ‘झिंगाट’चा निकाल इथे लागला, धुळीत, फाटक्या स्पीकरवर. कोळीगीतांचंही तेच. कॅसेटच्या जमान्यात वेसावकर आणि मंडळींची गाणी घराघरात होती. आता दर आठवड्याला नवं गाणं मोबाइलवर येतं, आणि बहुतेक गाण्यांत तीच पारू, तीच होडी, तोच नाखवा. हे सगळ्यांना दिसतं, बोलत मात्र कुणी नाही. का बोलत नाही, ते पुढे.

त्याआधी सिनेमातल्या समुद्राबद्दल. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि माणसं जाळी विणत, तुणत बसतात. वर्षभरात पाहिलेले सिनेमे तेव्हा सोलले जातात. नायक ज्या जाळ्यानं पापलेट काढतो त्यात पापलेट येत नाही, वारा एका बाजूचा आणि शीड भलतीकडे फुगलंय, असल्या गोष्टी निघतात. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या एका मावशींनी एका गाजलेल्या सिनेमाबद्दल मला सांगितलं, “बाई दिवसभर म्हावरा विकते नि तिच्या हाताला एक खवला नाय.” नायिकेचा अभिनय, दिग्दर्शकाची तयारी, निर्मात्याची घाई, तिन्ही त्यात आले. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून लोकांना सिनेमा दाखवून त्यावर बोलतं करतंय. ते काम मोलाचं आहे, तिथे मीही शिकलो. पण खवल्याची गोष्ट तिथे मला कुणी सांगितली नसती.

पुस्तकांचं काय? गावातल्या वाचनालयात पुस्तकाच्या मागे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती वाचावी. मोठा पुरस्कार मिळालेल्या कादंबरीच्या चिठ्ठीवर दोन शिक्के, त्यातला एक बहुधा ग्रंथपालाच्याच नातेवाइकाचा. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीला चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली आणि बांधणी दुसऱ्यांदा केलेली. पुस्तकात काही लिहू नये, असा शिक्का पहिल्याच पानावर असतो, आणि समासात पेन्सिलीनं भरपूर लिहिलेलं असतं. ‘खोटं.’ ‘ही बाई वेडी आहे का?’ ‘पान 140 पर्यंत सोडून द्या, मग बरी आहे.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘सोडू नका, नंतर काही कळणार नाही.’ ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. पण दोघांनीही पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय, आणि तिसऱ्याचा वेळ वाया जाऊ नये एवढीच दोघांची इच्छा आहे. मराठीत छापून येणाऱ्या कितीतरी परीक्षणांना इतकं जमत नाही. त्यांतला निम्मा मजकूर मलपृष्ठावरून आणि उरलेला प्रस्तावनेतून उचललेला असतो.

छापील मराठी जगात परखडपणासाठी टोपणनाव घ्यावं लागलं, हा इतिहास गमतीचा आहे. ‘ललित’ मासिक 1964 साली निघालं आणि त्यात जयवंत दळवी ठणठणपाळ या नावानं साहित्यिकांची टोपी उडवू लागले. दळवींना सगळे लेखक ओळखत, रोज भेटत. म्हणूनच बुरखा लागला. आज बिननावाच्या शेऱ्यांचा पूर आलाय, तरी त्यातून ठणठणपाळ निघत नाही. दळवींनी ज्यांची टर उडवली, त्यांची पुस्तकं मनापासून वाचलेली होती. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथा’ मासिकाची होळी केली, तीही वाचून कंटाळलेल्या वाचकांची होळी होती, न वाचणाऱ्याला एवढा राग येत नाही. पुढे सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि सहकाऱ्यांनी ‘ग्रंथाली’ची वाचक चळवळ उभी केली आणि पुस्तक काढण्याच्या व्यवहारात वाचकाला जागा दिली. पुस्तक कसं वाटलं, हा प्रश्न पुण्या-मुंबईबाहेरच्या वाचकाला इतक्या आस्थेनं त्याआधी फारसा कुणी विचारला नव्हता.

आता आजचं. पाचपैकी साडेतीन तारे, ‘एकदा बघायला हरकत नाही’, आगीची तीन चिन्हं. हे खोटं असतंच असं नाही. माणसाला खरंच साडेतीन ताऱ्यांएवढं आवडलेलं असेल. पण त्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पैसे घेऊन केलेली स्तुती हा वेगळा रोग आहे. तो लगेच ओळखू येतो, म्हणून मला त्याची तेवढी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती ‘आपला’ या शब्दाच्या दडपणाची. आपला मराठी सिनेमा आहे, नावं ठेवू नका, आधीच थिएटर मिळत नाही. आपल्या समाजाचं गाणं आहे, चांगलंच बोला. आपल्या गावचा मुलगा आहे, त्याचं पहिलंच पुस्तक आहे. कोळीगीतांतली तीच पारू सगळ्यांना खटकते आणि कुणी बोलत नाही, ते यामुळे. टीका केली की माणूस फितूर ठरतो. नामवंत दिग्दर्शकही मुलाखतीत प्रेक्षकाला पाठिंबा मागतात, जणू सिनेमा म्हणजे निवडणूक आहे. मराठी सिनेमाला पडदे मिळत नाहीत, हे दुखणं खरं आहे. पण त्यावरचा इलाज पडदेवाल्यांकडे आणि सरकारकडे मागायचा; प्रेक्षकाच्या जिभेकडे नाही.

शिवाय हा पाठिंबा आमच्याकडच्या प्रेक्षकानं आधीच दिलेला असतो. रेवदंड्याहून अलिबाग सतराएक किलोमीटर. संध्याकाळचा खेळ धरायचा तर बाजार लवकर आटपायचा, एसटीला उभं राहायचं, घरातली चार माणसं धरली तर तिकिटांचे आणि मध्यंतराच्या वड्यांचे मिळून हजाराच्या घरात जातात. सिनेमा लांबला तर शेवटची गाडी चुकते आणि येताना तीन आसनी रिक्षेत सहाजणांना बसावं लागतं. त्या रिक्षेत, चौलच्या वळणावर, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या बुडावर टेकलेला माणूस मागे वळून म्हणतो, “मध्यंतरानंतर काय समजलाच नाय.” मागचे पाचजण मग रेवदंडा येईपर्यंत नक्की काय समजलं नाही यावर वाद घालतात.