बत्तिसाव्या रात्रीनंतरचा श्याम

साने गुरुजींची ‘नवोदित कुमार कादंबरीकार’ म्हणून ओळख करून द्यायला निघालो आहे, हे ऐकून माझे दोन मित्र हसले. ज्याचे पुस्तक घरोघरी आहे, त्याची कसली ओळख करून देता? पण मला वाटते, ती ओळख व्हायची राहूनच गेली आहे. ‘गुरुजी’ ही पदवी पुढे आली आणि तिच्याआड लेखक झाकला गेला. म्हणून थोडा वेळ ती पदवी बाजूला ठेवू.

फेब्रुवारी १९३३. नाशिकच्या तुरुंगात पांडुरंग सदाशिव साने नावाचा तेहेतीस वर्षांचा राजबंदी ९ तारखेला, गुरुवारी, लिहायला बसला आणि १३ तारखेला, सोमवारी पहाटे, तुरुंगातले ते लेखन त्याने हातावेगळे केले. मी जेल रोडला राहतो. त्या तुरुंगाच्या भिंतीवरून येता-जाता हे पाच दिवस नेहमी मनात येतात. ते चमत्कार म्हणून सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यात चमत्कारापेक्षा पूर्वतयारी अधिक दिसते. १९२४ ते १९३० हा माणूस अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होता आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारीही त्याच्याकडे होती. तिथे तो मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढी. म्हणजे तेरा ते अठरा वयाचा वाचक रोज त्याच्यासमोर होता. काय वाचताना ही मुले कंटाळतात आणि कुठे गप्प होतात, हे त्याला डोळ्यांनी दिसत असणार. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने रविवारमागून रविवार त्याने उतरवून घेतली. बोललेले वाक्य कागदावर कसे जिवंत ठेवावे, याची याहून चांगली तालीम कोणती? वर्ष उलटायच्या आत त्याने स्वतःची गोष्ट लिहिली, तीही बोलत्या रूपात: आश्रमातील प्रार्थनेनंतर मित्रांना सांगितलेल्या बेचाळीस रात्री.

ऐकणारी ही मंडळी लहान मुले नाहीत, इकडे आपले लक्ष जात नाही. ‘श्यामची आई’ आपण बालवाङ्मयाच्या कप्प्यात टाकली. पाठ्यपुस्तके आणि कथाकथनाच्या स्पर्धा यांनी तिच्या पूर्वार्धातल्या रात्री उचलल्या: ‘मुकी फुले’, ‘श्यामचे पोहणे’, ‘अळणी भाजी’. या रात्री सुंदर आहेतच. पोहायच्या भीतीने लपून बसलेल्या पोराला आई मारून बाहेर काढते, हा प्रसंग तर आजही झणझणीत वाटतो. तिथे श्याम लहान आहे, घरात आहे, आईच्या नजरेच्या टप्प्यात आहे. एकोणतिसाव्या रात्री तो मोठा होण्यासाठी चोरी करतो, आणि इथून पुस्तकाचे वय वाढू लागते.

बत्तिसावी रात्र ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. वसुलीला आलेला माणूस वाटेल ते बोलतो. वडील अपमान गिळतात. शेवटी आई बाहेर येऊन त्याला ओटीवरून उठवते. पुढे ‘वित्तहीनाची हेळसांड’, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’, आणि सदतिसाव्या रात्री, ‘अब्रूचे धिंडवडे’मध्ये, घरावर जप्ती येते. तोपर्यंत श्याम शिकायला दूर गेला आहे. या रात्रींतले पुष्कळसे तो मागाहून कळलेले सांगतो. आई जाते तेव्हाही तो जवळ नसतो. (लेखकाची स्वतःची आई १९१७ साली गेली, तेव्हा तोही शिक्षणासाठी परगावी होता.) पूर्वार्धात प्रत्येक प्रसंगाच्या मध्यभागी असलेला मुलगा उत्तरार्धात प्रसंगातूनच नाहीसा होतो. कुमारवयाचे दुःख मराठीत याहून नेमके मांडलेले मला ठाऊक नाही. घर बुडत असताना आपण पुस्तके वाचत होतो, ही टोचणीच या कादंबरीचा खरा विषय आहे असे माझे मत आहे. पुस्तकाच्या नावामुळे आणि पुढे १९५३ च्या अत्र्यांच्या चित्रपटामुळे सगळा प्रकाश आईवर पडला. श्याम अंधारातच राहिला.

हे मला कोणा समीक्षकाने शिकवले नाही. मी निफाड तालुक्यातला. नववीत असताना कांद्याचे भाव पडले होते आणि एका सावकाराचा माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसत असे. दादा मागच्या दाराने मळ्यात जात. ‘दादा घरी नाहीत’ हे सांगायचे काम माझे. आई त्या माणसाला चहा करून देई. शाळेत मागची पाने कोणी वाचून घेतली नव्हती. ती मी त्या वर्षी एकट्याने वाचली आणि पुस्तक दप्तरात खाली दडवून ठेवले, जणू त्यात आमच्या घराचेच कोणी लिहिले होते.

पुस्तकात दोष आहेत. गोष्ट रंगात आली की लेखकाला राहवत नाही, तो उपदेश करू लागतो. अश्रूंचे प्रमाण कधीकधी हाताबाहेर जाते. शिवाय हे कर्ज एका पडत्या खोत घराण्याचे आहे. खोताकडून घेणाऱ्या कुळांच्या घरी त्याच वेळी काय चालले होते, हे या खिडकीतून फारसे दिसत नाही. आजच्या वाचकाने हे विचारलेच पाहिजे.

पण आज नव्या कुमार लेखकाची ओळख आपण कशी करून देतो? ‘संस्कारक्षम’, ‘मूल्ये रुजवणारे’, झाले परीक्षण. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने निदान सायकलवर बसून यातून सुटका करून घेतली. साहित्य अकादमीचा २०२१ चा मराठी पुरस्कार आमच्या नाशिकच्या संजय वाघांच्या ‘जोकर बनला किंगमेकर’ या कादंबरीला मिळाला, त्या पुरस्काराचे नावही ‘बालसाहित्य’च. कुमारांसाठी वेगळा कप्पा नाही. चौदा वर्षांच्या वाचकाला आपण एक तर बाळ समजतो, नाही तर थेट प्रौढांच्या कपाटाकडे पाठवतो.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या दहावीतल्या मुलीला मी हे पुस्तक बत्तिसाव्या रात्रीपासून वाचायला दिले. चार दिवसांनी परत करताना तिने विचारले, “काका, त्याला घरून कुणी वेळेवर कळवलं का नाही?” मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितले, की तिचा दादा पुण्यात शिकतो आणि घराच्या थकलेल्या हप्त्यांबद्दल त्याला काही सांगायचे नाही, असे त्यांच्याकडे ठरले आहे.