मोहेंजोदडो येथील ‘संहारा’ची उपपत्ती : एक चिकित्सा

प्रस्तावना :
प्राचीन संस्कृतींच्या उदयास्ताची मीमांसा करताना युद्ध हे कारण अभ्यासकांना सोयीचे वाटत आले आहे. सिंधू संस्कृतीच्या अस्तासंबंधी मॉर्टिमर व्हीलर यांनी मांडलेली उपपत्ती हे त्याचे ठळक उदाहरण होय.

उपपत्तीचे स्वरूप :
१९४६ मध्ये हडप्पा येथे बालेकिल्ल्याची तटबंदी उजेडात आली. १९४७ मध्ये व्हीलर यांनी तिची सांगड ऋग्वेदातील पुरंदर इंद्राशी घातली आणि मोहेंजोदडो येथे विखुरलेल्या स्थितीत सापडलेले मानवी सांगाडे आर्यांच्या आक्रमणाचा पुरावा मानले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीही १९५६ च्या ग्रंथात इंद्र-वृत्र कथेचा संबंध बंधारे फोडण्याशी जोडला.

चिकित्सा :
१९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी या पुराव्याची फेरतपासणी केली. जेमतेम चाळीसच्या आसपास असलेले हे सांगाडे एकाच काळातील नव्हते. ते खालच्या नगरात सापडले होते. ज्या बालेकिल्ल्यावर निकराची लढाई अपेक्षित, तेथे एकही नव्हता. पुढे केनेथ केनेडी यांच्या अस्थिपरीक्षणातही शस्त्राघाताच्या खुणा अपवादानेच आढळल्या. कालक्रमही या उपपत्तीस प्रतिकूल आहे. नगरांचा ऱ्हास इ. स. पू. १९०० च्या सुमारास सुरू झाला. ऋग्वेदाचा काळ सामान्यतः इ. स. पू. १५०० नंतरचा मानला जातो. मान्सूनचे क्षीण होणे व नद्यांच्या प्रवाहांतील बदल ही कारणे आज अधिक ग्राह्य ठरतात. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथील उत्तर हडप्पाकालीन वसाहत पाहता, नगरे ओस पडली तरी ही परंपरा नष्ट झाली नाही, हे स्पष्ट होते.

तथापि, संहार अमान्य केल्याने स्थलांतरही अमान्य होते, असे समजणे चुकीचे ठरेल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राखीगढी येथील एका स्त्रीच्या जनुकीय अभ्यासात स्टेपप्रदेशीय वंशांश आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या व्यापक अभ्यासाने मात्र तो इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात दक्षिण आशियात आल्याचे दाखविले. हे निष्कर्ष परस्परपूरक आहेत.

निष्कर्ष :
व्हीलर यांच्या विवेचनातील मूळ दोष पद्धतीचा आहे. ग्रंथातील वर्णन आधी गृहीत धरले गेले आणि अस्थींचा अर्थ त्यानुसार लावला गेला. आक्रमणाचा पुरस्कार करणारे आणि स्थलांतरही नाकारणारे, हे दोन्ही पक्ष आज हीच चूक करताना दिसतात. इतिहासाच्या वर्गात निष्कर्षाबरोबरच त्यामागील पुराव्याची परीक्षाही शिकविली जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.